तालमीला ‘योद्ध्यांचा संघ’ म्हणावं का?

तालमींवर संशोधन करतेय असं सांगितलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. समोरचा माणूस कोल्हापूरचा असेल तर तो आधी विचारतो, “कुठल्या पेठेच्या तुम्ही?” आणि विद्यापीठातला असेल तर म्हणतो, “अच्छा, म्हणजे ते अमेरिकन इंडियन लोकांच्या वॉरियर सोसायट्या असायच्या, तसं!” पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. दुसऱ्या वाक्याचं काय करायचं, यावर मात्र गेले काही महिने माझं घोडं अडलंय. आजची पोस्ट त्याबद्दल.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली. पीएच.डी.साठी मी कोल्हापूर शहरातल्या तालीम-मंडळांचं जाळं मांडतेय. म्हणजे कोण कुठल्या तालमीत आहे, एकच माणूस किती ठिकाणी आहे, कुठल्या दोन तालमींना जोडणारी माणसं जास्त आणि कुठल्या दोघींमध्ये कुणीच नाही. आकडेमोड आधीच्या पोस्टमध्ये झाली आहे. आज आकडे नाहीत. एका जुन्या, गाजलेल्या पुस्तकाचं परीक्षण आहे असं समजा.

पुस्तक म्हणजे ‘द शायेन वे’, १९४१ सालचं. लेखक दोन. कार्ल लेवेलिन हा कायद्याचा प्राध्यापक आणि ॲडमसन होबेल हा मानवशास्त्रज्ञ. शायेन ही उत्तर अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानातली जमात. घोड्यावर फिरणारी, बायसनच्या शिकारीवर जगणारी. (बायसन म्हणजे आपल्या दाजीपूरच्या गव्याचा लांबचा भाऊबंद समजा, फक्त कळप हजारोंचे.) होबेलने १९३५ आणि १९३६ च्या उन्हाळ्यात माँटाना राज्यातल्या आरक्षित वस्तीवर जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून जुनी प्रकरणं गोळा केली. लेवेलिन तिथे फार थोडे दिवस राहिला, पण पुस्तकाची पद्धत त्याची आहे.

ती पद्धत मला फार आवडते, म्हणून आधी कौतुकच करते. लोकांना “तुमचे नियम काय?” असं विचारायचंच नाही. कारण नियम सगळे छानच सांगतात. त्याऐवजी विचारायचं, “भानगड झाली तेव्हा काय केलंत?” कुणी कुणाला मारलं, कुणी कुणाचा घोडा नेला, मग कोण बोललं, कोण गप्प बसलं, शेवट काय झाला. नियम काय होता ते अशा भानगडींमधून आपोआप दिसतं. कोल्हापुरात कुठल्याही तालमीत जाऊन “तुमची शिस्त काय?” विचारून बघा. पहाटे उठणं, व्यसन नाही, वस्तादांचा शब्द अंतिम. प्रत्येक ठिकाणी हीच तीन वाक्यं. भानगडीबद्दल विचारलंत तर मात्र प्रत्येक ठिकाणी गोष्ट वेगळी येते.

शायेन लोकांमध्ये हे जे योद्ध्यांचे संघ होते, त्यांची नावं प्राण्यांवरून किंवा शस्त्रांवरून. कोल्हा, एल्क (हा मोठा सांबरासारखा प्राणी), ढाल, धनुष्याची दोरी, कुत्रा. नाव ‘योद्ध्यांचे’ आणि प्रत्येकाचे नाच, गाणी, पोशाख वेगळे. त्यामुळे परदेशी वाचकाला वाटतं की यांचं काम लढणं. पण पुस्तक वाचताना लक्षात येतं की लढाईपेक्षा या संघांचं मोठं काम होतं आपल्याच माणसांना आवरणं. उन्हाळ्यात सगळी जमात एकत्र यायची तेव्हा बायसनची सामूहिक शिकार व्हायची. एकट्या-दुकट्याने आधीच घोडा पळवला तर कळप उधळणार आणि सगळ्यांची उपासमार. त्यामुळे त्या काळात एखाद्या संघाकडे तळाचा बंदोबस्त दिला जायचा. त्यांचा शब्द मोडला तर फटके.

पुस्तकातलं सगळ्यांत प्रसिद्ध प्रकरण असंच आहे. दोन तरुण पोरं शिकारीच्या रांगेपुढे जाऊन बायसन मारत होती. ढाल-संघाची माणसं तुटून पडली. पोरांना चाबकाने झोडपलं, त्यांचे घोडे मारले, बंदुका मोडल्या. इथवर वाचलं की वाटतं, झाली शिक्षा. पण पुढचा भाग खरा. पोरांच्या बापानेच त्यांना सुनावलं की चूक तुमचीच. मग संघाचे प्रमुख एकमेकांकडे बघू लागले. या पोरांकडे आता घोडा नाही, हत्यार नाही, करायचं काय? आणि ज्यांनी नुकतं झोडपलं होतं त्यांच्यापैकीच काहींनी घोडे दिले, बंदुका दिल्या. शिक्षा आणि परत आत घेणं, दोन्ही त्याच हातांनी आणि त्याच दिवशी.

दुसरं प्रकरण घोडा उसना नेण्याचं. एका माणसाचा घोडा त्याच्या मित्राने न विचारता लढाईला नेला. खूण म्हणून स्वतःचं धनुष्यबाण ठेवून गेला, पण वर्ष उलटलं तरी परत आला नाही. घोड्याचा मालक स्वतः भांडायला गेला नाही. तो आपल्या एल्क-संघाकडे गेला. संघाने माणूस पाठवून मित्राला बोलावलं, त्याने भरपाई दिली, दोघांची मैत्री टिकली. आणि मग संघाने तिथल्या तिथे जाहीर केलं की यापुढे न विचारता घोडा न्यायचा नाही. संसद नाही, राजा नाही, कागद नाही, आणि तरी कायदा झाला. लेवेलिनसारखा कायदेपंडित इथे हरखून गेला तर नवल नाही.

आता तक्रारी.

पहिली माझ्या मूळ विषयातली. संख्याशास्त्रात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की नमुना कसा निवडला ते आधी विचार, निष्कर्ष नंतर बघ. होबेलला ही प्रकरणं सांगणारी माणसं म्हातारी होती. घटना साठ-सत्तर, काही तर शंभर वर्षांपूर्वीच्या. मधल्या काळात बायसन संपला, जमात आरक्षित वस्तीत कोंडली गेली, संघांकडे बंदोबस्ताचं कामच उरलं नाही. अशा वेळी माणसाच्या आठवणीत काय राहतं? जे फार सुंदर मिटलं ते, किंवा जे फार भयंकर झालं ते. अर्धवट मिटलेली, कुढत राहिलेली, कुणीतरी गप्प बसवलेली प्रकरणं गळून जातात. ‘द शायेन वे’ मधले शायेन इतके शहाणे का दिसतात, याचं निम्मं कारण मला तरी यात दिसतं. उरलेलं निम्मं लेवेलिनमध्ये. त्याला अमेरिकन न्यायालयांना सांगायचं होतं की कायदा म्हणजे कलमं नव्हेत, तंटे मिटवण्याचं कसब आहे. शायेन लोक त्याला आयता दाखला म्हणून मिळाले.

दुसरी तक्रार बायकांबद्दल. काही संघांमध्ये प्रमुखांच्या चार मुलींना मानाने बसवलं जायचं, संघातले सगळे त्यांना बहीण मानायचे. एवढाच त्यांचा प्रवेश. पण त्याच जमातीत साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम करणाऱ्या बायकांची स्वतःची मंडळी होती, तिचे विधी होते, मान होता. जॉर्ज बर्ड ग्रिनेलने १९२३ च्या आपल्या शायेनांवरच्या दोन खंडांत त्याबद्दल लिहिलंय. जमात समजावून सांगताना पुढच्या सगळ्यांनी पुरुषांचे संघ मध्यभागी ठेवले आणि भरतकामाची मंडळी हस्तकलेच्या प्रकरणात गेली. मला यात आश्चर्य वाटत नाही. फील्डवर्कला गेल्यावर एका तालमीत मला मोठ्या अगत्याने बाहेरच्या कट्ट्यावर खुर्ची दिली, चहा दिला, “बसा ताई, काय विचारायचं ते इथंच विचारा” म्हणून सांगितलं. हौदा मी दारातूनच पाहिला. मुरगूडसारख्या ठिकाणी आता मुली कुस्ती शिकतात, पण शहरातल्या पेठेच्या तालमीचं सभासदत्व ही वेगळी गोष्ट आहे.

तरीही या पुस्तकात एक प्रकरण असं आहे ज्याच्यासाठी मी ते पुन्हा पुन्हा उघडते. त्या प्रकरणामुळेच ‘तालीम म्हणजे वॉरियर सोसायटी’ हे वाक्य मला अर्धं बरोबर आणि अर्धं दिशाभूल करणारं वाटतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊया. शायेन जमात वर्षातला बराच काळ छोट्या टोळ्यांमध्ये विखुरलेली असायची. टोळी म्हणजे नातेवाईक, एकत्र तळ टाकणारी घरं. संघ मात्र टोळीचा नसायचा. एकाच कोल्हा-संघात चार टोळ्यांची माणसं, एकाच टोळीत चार संघांची माणसं. कापडात उभे आणि आडवे धागे असतात तसं. दोन टोळ्यांचं वाजलं तर दोन्हीकडे माझ्याच संघाचे भाऊ. दोन संघांची चुरस लागली तर समोरच्या संघात माझाच मेहुणा. कुठलंही भांडण पूर्ण सरळ रेषेत फाटतच नाही, कारण प्रत्येक रेघेवर कुणीतरी दोन्हीकडचा माणूस उभा असतो. मॅक्स ग्लकमन या मानवशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये आफ्रिकेच्या संदर्भात हेच मांडलं होतं, की माणसांच्या निष्ठा एकमेकींना छेदणाऱ्या असतील तर भांडणं होतात पण समाज दुभंगत नाही. शिवाय बंदोबस्ताचं काम एका संघाकडे कायमचं नसायचं. आणि जमातीच्या चव्वेचाळीस जणांच्या सभेवर जो निवडला जाई, त्याने संघाचं पुढारपण सोडायचं. शांतीचा अधिकार आणि लढाईचा अधिकार एका हातात नको, हा विचार त्यामागे स्पष्ट आहे.

आता ते प्रकरण. १८३७ साली कायोवा लोकांशी झालेल्या लढाईत धनुष्य-संघाचे अठ्ठेचाळीस जण मारले गेले. सूड घ्यायचा म्हणून डॉग सोल्जर्स, म्हणजे कुत्रा-संघ, याचा प्रमुख पॉर्क्युपाइन बेअर तळातळांवर पाठिंबा मागत फिरत होता. अशाच एका ठिकाणी दारू आली, दोन जणांची जुंपली, आणि या प्रमुखाने मध्ये पडून आपल्याच जमातीच्या एका माणसाला भोसकलं. शायेन लोकांत स्वकीयाचा खून म्हणजे सर्वांत मोठा विटाळ. जमातीचे पवित्र बाण त्याने रक्ताळतात अशी श्रद्धा. पॉर्क्युपाइन बेअरला आणि त्याच्या नातलगांना जमातीबाहेर काढलं. १८३८ मध्ये सूडाची लढाई झाली तेव्हा हे बहिष्कृत लोक सगळ्यांत आधी तुटून पडले, पण त्यांच्या पराक्रमाची मोजदादच झाली नाही, कारण ते कुणाचेच नव्हते.

पुढे झालं ते असं की या बहिष्कृत तळाभोवती कुत्रा-संघाची माणसं बायकामुलांसह राहायला लागली. म्हणजे संघ होता त्याची टोळी झाली. उभा धागा आणि आडवा धागा एकच झाला. यानंतरचे डॉग सोल्जर्स जमातीच्या सभेला फारसं जुमानेनात. सभेतल्या शांततावादी पुढाऱ्यांनी १८६१ मध्ये अमेरिकन सरकारशी करार केला, तो यांनी मानला नाही. (आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये सँड क्रीकला सैन्याने त्या शांततावाद्यांच्याच तळावर कत्तल केली, हे विसरून डॉग सोल्जर्सना ‘माथेफिरू’ म्हणणं हा सरकारी दप्तराचा चष्मा झाला.) १८६९ मध्ये समिट स्प्रिंग्जला त्यांचा प्रमुख टॉल बुल मारला गेला आणि त्यांची ताकद मोडली.

लेवेलिन-होबेल हे प्रकरण खुनाचा कायदा म्हणून वाचतात. शिक्षा काय, विटाळ काय, परत घेणं कसं. ते त्यात चांगलं आहेच. पण माझ्या मते या गोष्टीचा सगळ्यात मोठा धडा जाळ्याच्या रचनेचा आहे आणि तो त्यांच्या हातून निसटतो. संघ आपल्या माणसांना आवरू शकतो, कारण तो टोळीच्या आडवा जातो. तोच संघ टोळी बनला की आवरणारा कुणी उरत नाही. त्याचं शौर्य तेवढंच राहतं, निष्ठाही तेवढीच, किंबहुना वाढते.

कोल्हापूरकरांनो, आता पेठ आठवा.

आपल्याकडची तालीम मुळात कुठून आली यावर लोक शिवकाळापर्यंत जातात. मी इतकी मागे जाणार नाही. पण एक तुकडा हवाच. इथल्या किल्ल्यांवर वंशपरंपरेने शिबंदी सांभाळणारे गडकरी होते, जमिनी त्यासाठीच होत्या. १८४४ मध्ये इंग्रजांच्या मर्जीतल्या कारभाराने त्यांच्या हक्कांना हात घातला तेव्हा सामानगडापासून बंड पेटलं, भुदरगड, पन्हाळ्यापर्यंत गेलं आणि मोडलं. १८५७ च्या जुलैअखेर कोल्हापुरातल्या पलटणीचा उठाव झाला, तोही मोडला. १८७८ चा शस्त्रकायदा आला. लढण्याचा पेशाच गेला, पण लढणाऱ्यांची शरीरं, त्यांचे पट्टे, बोथाट्या आणि ईर्षा कुठे जाणार? मग १८९४ मध्ये गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, पंजाबपर्यंतचे मल्ल बोलावले, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, ते या पोकळीत येऊन बसलं, असं मला वाटतं. शायेनांपेक्षा हा मोठा फरक. त्यांच्या संघांच्या वर राज्य नव्हतं, म्हणून पोलिसाचं काम संघांनी केलं. आपल्या तालमीच्या डोक्यावर कायम राज्य होतं. आधी संस्थान, १९४९ च्या विलीनीकरणानंतर सरकार, आणि खुराकासाठी साखर कारखाने. त्यामुळे आपल्या तालमीवर बंदोबस्ताची जबाबदारी कधी पडली नाही. मिरवायची संधी मात्र भरपूर मिळाली.

आणि इथे मराठीत जे लिहिलं जातं त्यावर माझा आक्षेप आहे. स्मरणिका, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, वर्धापनदिनाचे लेख यांत ‘तालीम’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

एक म्हणजे मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी यांसारखी कुस्तीची तालीम. इथे पोरं राहायला येतात. कागल, राधानगरीची, सांगली-सातारा-सोलापूरकडची. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात, एकमेकांच्या जोडीला लढतात. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद कालवलेल्या त्या हौद्यात जो माझा जोडीदार आहे त्याचं गाव माझ्या गावाचं यात्रेतलं हाडवैरी असू शकतं. ही तालीम गावांच्या आडवी जाते. शायेनांचा कोल्हा-संघ किंवा एल्क-संघ शोधायचा असेल तर इथे शोधावा. वस्तादाचा दरारा चालतो तो यामुळेच. त्याचा अधिकार कुठल्या गावाचा, भावकीचा नसतो.

दुसरी म्हणजे पेठेची तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल वगैरे. नाव तालीम असलं तरी आज बहुतेकांची ओळख फुटबॉल संघ, गणपती आणि मंडळ अशी आहे. सभासद कोण? पेठेतलाच. राहणं, नातं, मैत्री, मंडळ, संघ, निवडणुकीतला नगरसेवक, सगळे धागे एकाच दिशेने. हा माझ्या तक्त्यातला अंदाज सोडून देऊया, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत एकदा बसलात तरी कळतं. कोण कुठे बसतंय यावरून कोण कुठे राहतंय ते सांगता येतं. म्हणजे ही रचना शिकार आवरणाऱ्या ढाल-संघाची नाही, डॉग सोल्जर्सची आहे. ‘वॉरियर सोसायटी’ म्हणणाऱ्या प्राध्यापकांना बहुधा हे अभिप्रेत नसतं.

फुटबॉलच्या ईर्षेला मी नावं ठेवत नाहीये. तशी चुरस मैदानी जमातींतही होती. क्रो नावाच्या जमातीत ‘कोल्हे’ आणि ‘लंपवूड’ असे दोन संघ कायम एकमेकांसमोर. शत्रूला सगळ्यांत आधी जिवंतपणी हात किंवा काठी लावून येण्याला तिकडे मोठा मान. या मोसमात तो मान कुठला संघ मिळवतो यावर सगळं अडलेलं. रॉबर्ट लोवीने लिहिलंय की जिंकलेले हरलेल्यांची गाणी गायचे. आपल्याकडे हरलेल्या पेठेसमोरून हलगी वाजवत जाणं, तेच. पण त्याच चुरशीचा भाग म्हणून वसंतात हे दोन संघ एकमेकांच्या बायकाही पळवायचे आणि नवऱ्याने चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, असा रिवाज होता. लोवी हे बरंचसं गमतीच्या सुरात सांगतो. त्या बायकांना ते कसं वाटलं असेल, हे त्याच्या पुस्तकातून फारसं कळत नाही. एवढं मात्र कळतं की ही सूट ठरावीक दिवसांपुरती होती. काळ संपला की खेळ संपला, आणि लढायला दोघे एकत्र जायचे.

आपल्याकडे खेळ कधी संपतो? सामन्यानंतरची हाणामारी, स्टेडियमबाहेरची दगडफेक, मोठा बंदोबस्त, स्पर्धा मध्येच थांबवाव्या लागल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. प्रत्येक वेळी पोलीस काय करणार, संयोजक काय करणार यावर रकाने भरतात. तालीम स्वतःच्या पोराला काय करणार, हा प्रश्न क्वचित येतो. ढाल-संघाने त्या दोन पोरांना जे केलं, म्हणजे आधी फटके आणि मग घोडे, त्यातलं काहीच आपल्याकडे होत नाही असं मी म्हणत नाही. होत असणार. वडीलधारे कानफटात मारतात, माफी मागायला लावतात, दुसऱ्या पेठेत जाऊन हात जोडतात. पण ते कुणी लिहून ठेवत नाही. स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते, ढालींचे फोटो असतात. भानगड नसते.

मग आडवे धागे पेठेत अजिबात नाहीत का? आहेत, आणि मला सगळ्यांत जास्त रस त्यांतच आहे. एक साधा धागा म्हणजे खेळाडू. या पेठेचं पोरगं त्या पेठेकडून खेळतं, मोसमागणिक संघ बदलतात, आणि जुने लोक “निष्ठा राहिली नाही” म्हणून हळहळतात. माझं जाळं बघता हीच अनिष्ठा फार मोलाची आहे.

दुसरा धागा जुना आहे. कोल्हापूरच्या कितीतरी तालमींमध्ये मोहरमला पंजे बसतात, आणि बसवणाऱ्यांत हिंदू घरं असतात. काही तालमींची नावंच बघा, बाबूजमाल, अवचित पीर. २०१८ आणि २०१९ मध्ये मोहरम आणि गणेशोत्सव एकाच सुमारास आले तेव्हा काही ठिकाणी गणपती आणि पंजा एकाच छपराखाली होते. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या पुस्तकात अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्या लावून मांडलंय की जिथे हिंदू-मुस्लिम एकत्र असलेल्या संघटना असतात तिथे अफवेची दंगल होण्याआधी कुणीतरी ती दाबतं. रोजचं येणं-जाणं पुरत नाही, संघटना लागते, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या यादीत कोल्हापूर नाही. पण ७ जून २०२३ रोजी, मोबाईलवरच्या स्टेटसवरून वातावरण पेटून इथे दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं, तेव्हा मला पहिला प्रश्न वार्ष्णेय यांचाच पडला. पंजा बसवणाऱ्या तालमींच्या गल्लीत त्या दिवशी काय झालं आणि न बसवणाऱ्या गल्लीत काय? कुणी दार लावून घेतलं, कुणी पोरांना घरी बसवलं, कुणी काहीच केलं नाही? यावर मतं सगळ्यांकडे आहेत. प्रकरणवार नोंद मला कुठे सापडलेली नाही, आणि पंजाच्या फोटोखाली ‘सर्वधर्मसमभावाचं प्रतीक’ असं लिहून पुरवणीचं पान भरणाऱ्यांनी ती करायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. पंजा बसवला म्हणून धागा आपोआप मजबूत होत नाही. वर्षातून दहा दिवस एकत्र येणारी माणसं उरलेल्या दिवसांत एकमेकांचा फोन उचलतात का, ते बघावं लागतं.

गाईडना हे सगळं दाखवलं तर त्यांचा एक रास्त आक्षेप आला. शायेन लोकांचे आकडे लाखात नव्हते, काही हजारांची जमात. कोल्हापूर महानगरपालिकेचं शहर. तुलना किती ताणायची? मान्य. बायसन नाही, उपासमारीची भीती नाही, आणि आवरण्यामागे जी सगळ्यांची गरज होती ती इथे दाखवता येत नाही. मी तुलनेतून एवढंच उचलतेय की तालमीला प्रश्न कुठला विचारायचा. ‘किती शूर?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कुणाच्या आडवी जाते?’ हा विचारायचा.

पुढच्या टप्प्यात मी लेवेलिनची पद्धत वापरणार आहे, पण त्याच्या नमुन्याची चूक टाळून. म्हणजे गाजलेली प्रकरणं सोडून द्यायची आणि ठरावीक काळातली सगळी, अगदी चिल्लर सुद्धा, गोळा करायची. सामन्यानंतरची बाचाबाची, वर्गणीवरून रुसवा, मिरवणुकीत पुढे कोण यावरून झालेली ढकलाढकली. कोण मध्ये पडलं, त्याचं दोन्हीकडे कोण होतं, मिटलं की कुढत राहिलं. जुन्या तालमींमध्ये बैठकांच्या इतिवृत्ताच्या वह्या असायच्या. लाल कापडी बांधणीच्या, कपाटात वरच्या फळीवर, ढालींच्या मागे. तुमच्या पेठेत अशी वही कुणाकडे असेल तर खाली लिहा किंवा मेल करा. नावं मी कुठेही छापणार नाही. आणि मला कट्ट्यावर बसून वाचायला दिलीत तरी चालेल.